पट्टीवरची वाफ

यादीतला सत्ताविसावा नंबर लावताना त्याचे बोट डोळ्यांच्या पुढे गेले. पहिले सहा आकडे त्याने कागदावर पाहून दाबले होते. सातव्यापासून कागदाची गरज उरली नाही, उरलेले चार आकडे बोटाला आधीच ठाऊक होते. पलीकडे घंटा वाजायच्या आत त्याने रिसीव्हर खाली ठेवला. नंबर ताईचा होता. दर रविवारी सकाळी दुसरा चहा झाला की तो याच नंबरवर सहा-सात मिनिटे बोलत असे, गुडघ्यांविषयी, भाचीच्या नोकरीविषयी, आणि तो लिहून ठेवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. यादीत नावे नव्हती. विभागाच्या डॉक्टर मॅडमनी ती मुद्दाम येऊ दिली नव्हती. केसपेपरचा क्रमांक, शस्त्रक्रियेचे वर्ष आणि फोन, एवढेच. "नाव दिसलं की माणूस आठवतो काका, आणि माणूस आठवला की आपण त्याच्या वतीनं उत्तर देऊन टाकतो," असे त्या म्हणाल्या होत्या. बत्तीस वर्षे नावांवरच काम केलेल्या या नोंदणी कारकुनाला ते तेव्हा जरा लागले होते.

नाक-कान-घसा विभागाच्या जुन्या कागदांची खोली तळमजल्यावर होती. लोखंडी मांडण्या, एक टेबल, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर हात लांब केला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची भिंत. गेले तीन आठवडे तो इथे एक तक्ता करत बसला होता. नाक कायमचे चोंदलेल्या माणसांवर विभागाने वीस-बावीस वर्षांत तीन प्रकारच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या, आणि त्यांपैकी कोणत्या शस्त्रक्रियेनंतर काय बिघडले याची तुलना मॅडमना हवी होती. पहिल्या ओळीत, नाकाच्या भिंतीला आतून लोंबणारी मांसल पाकळी विजेच्या सुईने जाळून आक्रसवण्याची पद्धत. एकशे अठरा रुग्ण. त्यांतल्या एकतीस जणांचे नाक दोन वर्षांत पुन्हा बंद झालेले, नऊ जणांच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. दुसरीत, नाकाचा वाकडा पडदा सरळ करून पाकळी अस्तराच्या आतून थोडी कमी करण्याची. चौऱ्याण्णव रुग्ण; पाच जणांच्या पडद्याला भोक पडलेले, त्यांतल्या दोघांचा श्वास शिट्टी वाजवत येणारा, तिघांचे पुढचे दात कित्येक महिने बधिर. तिसऱ्या ओळीत विभागाचे जुने प्रमुख, थोरले डॉक्टर, यांची पद्धत: पाकळी मुळापासून कापून काढायची. एकेचाळीस रुग्ण. सुरुवातीचा रक्तस्राव चौघांना, आणि त्यापुढे रकान्यामागून रकाना शून्य.

"काका, ही ओळ फार स्वच्छ आहे," तक्त्याचा पहिला मसुदा पाहून मॅडम म्हणाल्या होत्या.

"स्वच्छ म्हणजे चांगलंच की, मॅडम."

"दुकानातल्या कापडासारखी स्वच्छ आहे. कोणी अंगात घातलेली वाटत नाही."

मग त्यांनी सहा प्रश्नांचा एक कागद दिला. एकेचाळीस जणांना फोन करायचा, प्रश्न लिहिलेत तसेच वाचायचे, उत्तर येईल तसे उतरवायचे. पाच प्रश्न छापलेले होते; सहावा त्यांनी पेनाने खाली घातला होता: श्वास घेताना आत वारा लागल्याचे जाणवते का? गुरुवारी विभागाची बैठक होती. तिसरी पद्धत चालू ठेवायची की बंद करायची हे तिथे ठरणार होते, आणि त्या शस्त्रक्रियेसाठी तारीख मिळालेली सोळा माणसे बाहेर थांबलेली होती. आज मंगळवार. सव्वीस जणांना विचारून झाले होते. सव्विसांनी सहाव्या प्रश्नाला चांगले उत्तर दिले होते, आणि प्रत्येक उत्तर लिहिताना त्याला थोरल्या डॉक्टरांसमोर पुन्हा एकदा उभे राहिल्यासारखे वाटले होते.

डॉक्टरांना जाऊन तीन वर्षे झाली होती. पण ती ओपीडी त्याच्या मनात अजून भरत असे. पांढऱ्या टाइल्सची अरुंद खोली, आरशाचा दिवा, उकळत्या पाण्याच्या वाफेत औषधाचा तो गोडसर वास. आणि रुग्ण आत आला की खुर्चीतून अर्धवट उठणारे डॉक्टर, मग तो रुग्ण कोणीही असो. त्यांच्यापाशी निकेलची एक पट्टी होती, वीतभर लांब, मधोमध उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळे कोरलेली. ती थंड पट्टी नाकाखाली धरायची आणि रुग्णाने शांत श्वास सोडायचा. पट्टीवर दोन ढग उमटत, प्रत्येक नाकपुडीचा एक. त्यांच्या आकारावरून कुठली बाजू किती मोकळी ते कळे. पण ढग आठ-दहा सेकंदांत कडेकडेने विरत जाई. तो विरायच्या आत मेणाच्या पेन्सिलीने त्याची कड गिरवायची आणि मग ती आकृती केसपेपरवर उतरवायची. हे काम कारकुनाचे नव्हते. पण एकदा परिचारिका रजेवर असताना त्याने ते केले, आणि डॉक्टर आकृतीकडे पाहत म्हणाले, "हात कुठं तयार केलास रे?" वडिलांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात, असे त्याने सांगितले, आणि तेव्हापासून पट्टी त्याच्याकडे आली. किती हजार माणसांचे श्वास त्याने गिरवले असतील. एकाही माणसाचे दोन ढग सारखे नसत. तासाभराने पुन्हा पाहावे तर डावा लहान झालेला आणि उजवा फुगलेला. पुढे तपासणीच्या वेळी ढग आधीपेक्षा मोठा आला की तक्रारीच्या रकान्यात 'नाही' लिहायचे, अशी विभागाची रीतच पडून गेली. विचारत बसायला रांग थांबत नसे. "माणूस भिडेखातर बरा होतो," डॉक्टर म्हणत, "पट्टीला भीड नसते." हे वाक्य त्याने कितीतरी नव्या डॉक्टरांना ऐकवले होते, जणू ते त्याचे स्वतःचेच असावे.

ताईचे नाक जन्मापासूनच बंद असावे. निदान त्याला ते उघडे आठवत नव्हते. घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा कारखाना: दाबयंत्र, सुतळीची रिळे, पुठ्ठ्यांची थप्पी, खळीचे पातेले, मागच्या खोलीत आई, शिवणाचे मशीन आणि स्वयंपाक, आणि माळ्यावर, न नेलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, ही दोघे झोपत. ताई पाच वर्षांनी मोठी. ती तोंड उघडे टाकून झोपे आणि तिच्या घशातून करवतीसारखा आवाज येत राही, एक लांब ओढ, मग एक अडखळ, मग पुन्हा ओढ. ती अडखळ लांबली की तो अंधारात डोळे उघडून आकडे मोजायला लागे. आठपर्यंत मोजले की आवाज परत येई आणि त्याला झोप लागे. एकदा ती परीक्षेसाठी चार दिवस परगावी गेली, तर त्या चारही रात्री तो जागा राहिला आणि आईने त्याला जंताचे औषध दिले. दिवसा तिचा म ब होऊन येई आणि न द होऊन. "बी दाही येणार," असे ती म्हणाली की पाहुणे आईकडे पाहत, आणि तो पुढे होऊन सांगे, "नाही येणार म्हणते." दुभाष्या म्हणत त्याला. "तुझ्या लग्नात हा आंदण द्यावा लागणार," असे वडील तिला म्हणत, आणि तिला ते खरेच वाटे.

वास तिला येत नसे, तेव्हा तेही काम त्याच्याकडे होते. शाळेतून आल्यावर पायरीवरच ती थांबे. "छोट्या, आज काय आहे?" तो नाक वर करून सांगे: खळ आंबली आहे, बाबांनी मोरचूद कमी घातलाय. "आंबलेली म्हणजे कशी?" मग त्याला विचार करावा लागे. पायमोजे रात्रभर भिजत पडल्यासारखी. नवा पुठ्ठा म्हणजे? लाकडाला ताप आल्यासारखा. ओल्या सुती कापडावर गरम इस्त्री? ह्यावर तो दोन दिवस अडला होता, आणि शेवटी म्हणाला, की कोणीतरी आपल्याला न बोलता जवळ घेतं ना, तसं. ताईने ते आपल्या वहीत लिहून ठेवले. आज, साठीला दोन वर्षे उरली असताना, या खोलीत कागदांच्या धुळीपलीकडे कसलाही वास येत नसताना, त्याला वाटून गेले की आयुष्यात नीट ऐकून, अडून, शोधून उत्तर देण्याचे काम त्याने तेवढेच केले. पुढे ते त्याच्या हातून सुटत गेले. सुटले कधी, हेही त्याला त्या वेळी कळले नाही.

शस्त्रक्रिया त्यानेच सुचवली. ताई एकेचाळीसची झाली होती. तिच्या घोरण्यामुळे भावोजी बाहेरच्या खोलीत झोपू लागले होते. चांगला माणूस, पण झोपेचा कच्चा. "दुखेल का रे?" तिने विचारले होते, आणि त्याने डॉक्टरांच्या हाताविषयी इतके सांगितले होते की शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, कापा." नवव्या दिवशी रक्त आले, ते थांबले. सोळाव्या दिवशी ती वडिलांना भेटायला कारखान्यात आली. ती दुपार त्याच्या मनात काचेखाली ठेवल्यासारखी राहिली होती: दारातून तिरपे आलेले ऊन, त्यात उडणारा कागदाचा भुसा, आणि उंबऱ्यावर थबकलेली ताई, नाकाला पदर लावून. "ई, तुम्ही इथं जेवत होतात?" वडील हसता हसता खोकायला लागले. मग ती आत आली आणि एकेक वस्तू नाकाशी नेऊ लागली, पुठ्ठा, सुतळी, कातड्याचा तुकडा, वडिलांची टोपी. आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे पाहून मान हलवत होती, की होय, तू सांगितलं होतंस तसंच. आईने तिच्याकडून 'मामा' आणि 'मांजर' म्हणवून घेतले, दोन वर्षांच्या मुलीकडून म्हणवून घ्यावे तसे. सगळे हसत होते. त्यालाच तेवढे, त्या लखलखीत म-मध्ये, काहीतरी हरवल्यासारखे वाटले होते. आता आपले काम संपले, असे काहीसे. पण ते दुःख इतके सुखाचे होते की त्याने ते कोणाला सांगितले नाही.

दुसऱ्या वर्षी तिने आपला त्रास सांगितला. चहाचा कप हातात तसाच धरून, खाली बघत. "नाक मोकळं आहे रे. पण श्वास आत गेलेला कळत नाही. वारा लागतच नाही. रात्री दचकून उठते, वाटतं की श्वास घ्यायचा राहूनच गेला." तो तिला ओपीडीत घेऊन गेला. डॉक्टरांनी खुर्चीतून अर्धवट उठून तिला बसवले, दिवा पाडून आत पाहिले, मग पट्टी मागवली. दोन मोठे ढग उमटले, पट्टीच्या कडांपर्यंत. डॉक्टरांनी पट्टी तिच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघा ताई, हा तुमचा श्वास. आम्हाला तर दिसतोय. आता तुम्हीच त्याला ओळख देत नसाल तर त्यानं काय करावं?" ते वाईटपणाने म्हणाले नव्हते. त्या काळी या त्रासाला त्यांच्यापाशी नाव नव्हते, आणि नाव नसलेल्या गोष्टीपुढे चांगला माणूसही विनोद करतो. परिचारिका हसली. दारातला पुढचा रुग्ण हसला. तो, हातात मेणाची पेन्सिल घेऊन उभा असलेला तिचा भाऊ, तोही हसला. नंतर कितीतरी वर्षे त्याने स्वतःला समजावले होते की ते हसणे तिला धीर देण्यासाठी होते. ताईने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि तिची तक्रार मिटली असे त्याने धरले. न बोलणे म्हणजे बरे असणे, हे तर त्याच्या कामातच मुरलेले होते.

त्याने उठून मांडणीवरून केसपेपर काढला. सत्तावीस. आत पाच तपासण्यांचे कागद होते, आणि पाचव्यापाशी त्याचा हात थांबला. पाचव्या वर्षाची तपासणी. डॉक्टर परिषदेत निबंध वाचणार होते, त्यांना सगळ्या नोंदी पुऱ्या हव्या होत्या, आणि ताई काही यायला तयार नव्हती. आज गुडघा, उद्या पाहुणे. नोकरांच्या नातेवाइकांना रांगेत बसावे लागू नये म्हणून घरच्या माणसाची नोंद घरच्या माणसानेच करून आणायची, अशी विभागात सवलत होती. पट्टी घेऊन तिच्याकडे जायचे असे त्याने दोनदा ठरवले. शेवटच्या दिवशी, आपल्याच घरी जेवणाच्या टेबलावर, खोकल्याच्या बाटलीचे झाकण कागदावर ठेवून त्याने त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तक्रार: नाही. डॉक्टरांनी खाली 'उत्तम' लिहिले होते. दोन वर्तुळे, तंतोतंत सारखी, कंपासने काढावीत तशी. एकाही जिवंत माणसाचा श्वास असा उमटत नाही, हे या इमारतीत त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. आणि डॉक्टरांच्याही ते ध्यानात आले असणार, हा विचार त्याला आज पहिल्यांदा सुचला. आले असेल, आणि त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला असेल. किंवा ठेवायचे ठरवले असेल.

एक वाट होती. तीनदा फोन लावून उचलला गेला नाही तर 'संपर्क नाही' लिहायची मुभा मॅडमनी दिली होती. एकदा तर त्याने लावलाच होता. एकेचाळिसांतली एक ताई गळली तर तक्ता बदलणार नव्हता. चार महिन्यांनी तो निवृत्त होणार होता, आणि थोरल्या डॉक्टरांची ओळ तशीच, शून्यांची, राहिली असती. पण मग त्याची नजर त्याने स्वतः भरलेल्या सव्वीस कागदांवर गेली. सहाव्या प्रश्नासमोर प्रत्येक ठिकाणी 'हो'. तो प्रश्न त्याने एकालाही, लिहिला होता तसा, विचारला नव्हता. तोंडात तो अवघड वाटला म्हणून, म्हातारी माणसे गोंधळतील म्हणून, त्याने तो सोपा केला होता: श्वास मोकळा येतो का? आणि लोकांनी खरे तेच सांगितले होते. येतो. नाक उघडेच होते त्यांचे. पट्टी जे विचारते तेच त्याने पुन्हा विचारले होते, इतकेच. ते सव्विसाव्यांदा विचारतानाही त्याला फरक कळला नव्हता, आणि आता तो कळला होता तो केवळ पुढचा नंबर ओळखीचा निघाला म्हणून. ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लाजिरवाणी वाटली.

त्याने नंबर लावला. या वेळी घंटा वाजू दिली.

"छोट्या? आज मंगळवार आहे. काय झालं?" ताईचा आवाज रविवारपेक्षा बसका होता.

"काही झालं नाही. ऑफिसातून बोलतोय. कामाचं आहे."

"माझ्याशी तुझं काय काम निघालं?"

"तुझ्या ऑपरेशनचं. सहा प्रश्न आहेत. सगळ्यांनाच विचारतोय."

"बावीस वर्षांनी?" ती म्हणाली. "चांगलं आहे हो खातं तुमचं. विचार."

त्याने कागद समोर धरला आणि लिहिले होते तसे वाचले. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाला होता का?

"तुला ठाऊक नाही? उशीचा अभ्रा तूच बदललास की."

"तुझ्याकडून ऐकायचं आहे, ताई."

"झाला होता. नवव्या दिवशी. लिही."

नाकात खपल्या धरतात का?

"रोज. सकाळी मिठाच्या पाण्यानं काढते, अर्धा तास जातो. हे म्हणतात, तुझ्या दोन आंघोळी असतात, एक अंगाची आणि एक नाकाची."

वास येतो का?

"जळलेलं कळतं. बाकीचं तू सांगायचास ते आठवून घेते."

शिट्टीचा आवाज तेवढा येत नव्हता. नाक पुन्हा बंद झाले का, यावर ती हसली. "छे रे. हमरस्ता आहे." मग त्याने सहावा प्रश्न वाचला, एकही शब्द न बदलता.

"हा प्रश्न कोणी काढला?" तिने विचारले.

"आमच्या मॅडमनी."

"नाही जाणवत," ताई म्हणाली. "त्या दिवशीही जाणवत नव्हतं, नंतरही नाही."

"मी हसलो होतो तेव्हा."

"सगळेच हसले होते. शेवटी मीसुद्धा हसले, तुझ्या लक्षात नसेल. एवढं मनावर घेऊ नकोस. तुझ्या साहेबांचं खरंच होतं, श्वास दिसत होता."

"मग इतकी वर्षं तू केलंस काय?"

"सांगितलं तर ओरडशील."

"नाही ओरडत."

"कापूस घालते." आणि ती भराभर सांगू लागली, चोरी पकडली गेलेल्या लहान मुलीसारखी. "एकदा घोळणा फुटला होता, कोणी घरात नव्हतं, म्हणून ओला कापूस लावून बसले. आणि एकदम वारा लागला रे. थंड, पार वर कपाळापर्यंत. मी तशीच बसून राहिले तासभर, उठलेच नाही. तेव्हापासून ठेवते. बोटाच्या पेराएवढी वळी करायची, पाण्यात भिजवून पिळायची आणि अलगद आत. नाक अर्धं बुजवलं की श्वास आल्यासारखा वाटतो. आता हे कोणाला सांगू? तू एवढी खटपट करून नाक उघडून दिलंस, आणि मी ते बुजवत बसते, असं सांगू?"

"आत्ताही आहे?"

"आहे. तू सांगून फोन केला नाहीस. रविवारी तुझा यायच्या आधी काढून ठेवते, आवाज बसका लागतो ना."

रविवारची सहा-सात मिनिटे. वीसेक वर्षांचे रविवार. त्याने मनात गुणाकार सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. त्याने पेन उचलला, पण तिने सांगितलेले त्या रकान्यात मावणार नव्हते. तेव्हा त्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, तिच्याच शब्दांत, पहिल्यापासून लिहायला घेतले. ताई थांबून राहिली. मध्ये एकदा तिने विचारले, "लिहितोयस?" आणि तो म्हणाला, "हो. पेराएवढी म्हणालीस ना?" "करंगळीच्या," ती म्हणाली.

"बाकीच्यांनाही होतं का असं?" तिने शेवटी विचारले.

"माहीत नाही."

"विचारलंस म्हणालास की सगळ्यांना."

"विचारलं. म्हणजे, जरा वेगळ्या शब्दांत."

"म्हणजे नाही विचारलंस." तिच्या आवाजात राग नव्हता, लहानपणी त्याची बेरीज तपासताना असे तसा तो होता. "मग विचार आता. आणि कापसाचं सांग त्यांना. कोरडा नको म्हणावं, चिकटतो."

फोन ठेवून पाचव्या तपासणीच्या कागदावर, दोन्ही वर्तुळांच्या खाली, त्याने शाईने लिहिले: 'या आकृती पट्टीवरून घेतलेल्या नाहीत.' खाली सही केली, आजची तारीख घातली, ताईच्या उत्तरांचा कागद आत ठेवला, आणि केसपेपर घेऊन जिना चढून वर गेला. जिना नेहमीचाच, पण मधल्या वळणावर त्याला थांबून दम घ्यावा लागला, आणि तो घेताना नाकाच्या आत, वर, थंड रेघ ओढली गेल्यासारखा वारा लागला. आयुष्यभर लागत आला असणार तसाच.

मॅडम पुढच्या आठवड्याच्या तारखा पाहत होत्या. "किती झाले, काका?"

"एक."

"सकाळी सव्वीस म्हणालात."

"सहावा प्रश्न मी माझ्या मनानं सोपा करून विचारला होता. ते सगळे पुन्हा करावे लागतील." त्याने केसपेपर टेबलावर उघडून ठेवला. त्यांनी वर्तुळे पाहिली, खालची ओळ वाचली, उत्तरांचा कागद उलटून मागचे सगळे वाचले. वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"ही कोण?"

"बहीण. ती वर्तुळं माझी आहेत."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे वरपर्यंत जाईल, त्या म्हणाल्या. मला पाठवावंच लागेल. ते त्याला ठाऊक होते. थोरल्या डॉक्टरांच्या नावालाही लागेल. तेही ठाऊक होते. "ते असते तर त्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं असतं, मॅडम," तो म्हणाला, आणि हे खरे आहे की त्याला खरे असायला हवे आहे, हे त्याचे त्यालाच सांगता येईना.

"गुरुवारी ती ओळ रिकामी दाखवू," त्या म्हणाल्या. "आणि ते सोळा जण तूर्त थांबतील. त्यांना मी सांगते. तुम्ही खाली जा."

खाली येऊन त्याने यादीतला पहिला नंबर लावला. आकडे अनोळखी होते. प्रत्येक त्याने कागदावर पाहून दाबला. एका म्हाताऱ्या माणसाने फोन उचलला, आणि दवाखान्यातून म्हटल्याबरोबर तो म्हणाला की त्याने मागच्या आठवड्यातच सगळे सांगितले आहे.

"सांगितलंत. पण मी तुम्हाला भलतंच विचारलं होतं," तो म्हणाला, आणि प्रश्न वाचला.

पलीकडे काहीच आले नाही. पूर्वी अशा वेळी तो 'हॅलो, हॅलो' करी, किंवा उत्तर सुचवी. आता त्याने पेन खाली ठेवला आणि ऐकत राहिला. लांब कुठेतरी नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला. मग लाकडी खुर्ची फरशीवरून ओढल्याचा आवाज आला.

"बसून सांगतो," म्हातारा म्हणाला. "तुम्हाला वेळ आहे ना?"